बांधावरचा हेका

मृगाचा पाऊस पडून औते शेतात गेली की तालुक्याच्या पोलीस ठाण्यात आणि तहसील कचेरीत एका ठरावीक तक्रारीची रीघ लागते : शेजाऱ्याने बांध कोरला. तक्रारीतला बांध बहुतेक वेळा फूट-दीड फूट सरकलेला असतो, तक्रारदार आणि सामनेवाला पुष्कळदा सख्खे किंवा चुलत भाऊ असतात, आणि कोरला गेलेला तुकडा किती आणि त्यात पिकते किती, हा हिशेब दोघांपैकी कोणीही मांडलेला नसतो. तो मांडून पाहणे उद्बोधक आहे. बांधाची लांबी ३३० फूट धरली आणि तो एक फूट आत सरकला असे मानले, तर गेलेली जमीन ३३० चौरस फूट भरते. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा असतो, म्हणजे हा तुकडा गुंठ्याच्या एक तृतीयांशाहूनही लहान आहे. एकरी बारा-तेरा क्विंटल गहू देणारी चांगली बागायत जमीन असली, तरी त्या पट्ट्यातून वर्षाला सुमारे दहा किलो गहू निघेल. या दहा किलो गव्हासाठी दोन घरे पंचवीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, एकमेकांच्या मयतीला जात नाहीत, आणि मधल्या काळात एखाद्याचे डोके फुटलेले असते.

यात आणखी एक गंमत आहे, तिला गंमत म्हणणे बरोबर असेल तर. आपल्याकडील जमिनींची मूळ मोजणी ३३ फुटांच्या साखळीने झाली. त्या साखळीचे सोळा आणे धरले जात, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त होतो, आणि जुन्या टिपणांतली मापे साखळी व आण्यांत लिहिलेली आहेत. ज्या अभिलेखाचा आधार घेऊन दोन भाऊ एका फुटासाठी भांडतात, त्या अभिलेखाचे सर्वांत लहान मापच मुळी दोन फुटांचे आहे. आजची यंत्रे सेंटिमीटरपर्यंत अचूक बिंदू दाखवतात हे खरे, पण ती यंत्रे तो बिंदू अखेर त्या जुन्या टिपणावर आणि नकाशावरच बसवतात. त्यामुळे हद्दीच्या कित्येक भांडणांत ‘खरी’ रेषा कोणती या प्रश्नाला फुटाच्या अचूकतेने उत्तर देणे कागदाच्या कुवतीबाहेरचे असते. हे भूकरमापकाला ठाऊक असते, वकिलांना ठाऊक असते, आणि बऱ्याचदा पक्षकारांनाही अंधूकपणे जाणवलेले असते. तरीही मोजणी मागितली जाते, तिचा निकाल मनासारखा आला नाही की निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठाकडून फेरमोजणी, मागितली जाते, आणि तीही पटली नाही की सुपर निमताना.

माणसाचा हेकेखोरपणा हा आपण स्वभावाचा भाग मानतो आणि ‘जित्याची खोड’ म्हणून सोडून देतो. माझे म्हणणे असे की बांधाच्या बाबतीत हे निदान अपुरे आहे. चिडलेला माणूस चार दिवस, चार महिने अडून बसेल. त्याचे अडून बसणे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे वारशाने जावे, यासाठी स्वभावापलीकडची काही सोय लागते. ती सोय आपल्या कायद्याने, कचेऱ्यांनी आणि गावाच्या रीतीभातींनी मिळून करून ठेवलेली आहे. हा प्रश्न म्हणूनच नीतिपाठाचा कमी आणि सार्वजनिक धोरणाचा अधिक आहे.

आधी गावाच्या रीतीबद्दल. बांधाच्या भांडणात वापरली जाणारी भाषा ऐकली तर तीत जमीन फार थोडी येते. ‘त्याची जिरवल्याशिवाय राहणार नाही’, ‘एक एकर विकीन पण हा फूट सोडणार नाही’, ‘आज बांध सोडला तर उद्या घरात शिरतील’, ही त्या भाषेतली नेहमीची वाक्ये. एक फूट वाचवण्यासाठी एक एकर विकण्याची भाषा करणाऱ्या माणसाला हिशेब येत नाही असे समजणे चुकीचे ठरेल. तोच माणूस बाजार समितीत कांद्याच्या भावासाठी रुपया-रुपयाने घासाघीस करतो. बांधावर मात्र तो वेगळे काहीतरी राखत असतो, आणि ते म्हणजे गावातली आपली पत. जो माघार घेतो तो मऊ, आणि मऊ लागले की माणसे कोपराने खणतात, हा गावातल्या जगण्याचा अनुभव आहे आणि तो अगदीच खोटा नाही. पारावर बसणाऱ्यांचाही यात वाटा असतो. दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे ‘तुझंच बरोबर आहे, सोडू नको’ असे सांगणारी माणसे प्रत्येक गावात असतात, आणि त्यांना या सल्ल्याची एक दमडीही मोजावी लागत नाही.

त्यात काही वर्षे गेली की भांडणाला स्वतःचेच वजन येते. वकिलाची फी दिली, मोजणीचे पैसे भरले, तारखांना कामाचे दिवस बुडाले, साक्षीदारांना गाडीभाडे आणि जेवण घातले. हा सगळा खर्च परत येणार नाही हे कळत असते, पण तो वाया गेला असे कबूल करणे जड जाते. म्हणून आणखी खर्च होतो. एवढे केले ते कशासाठी, हा प्रश्न घरात कोणी विचारू नये म्हणून दावा चालू ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. मूळ तक्रारदार वारल्यावर वारसांची नावे दाव्यात लागतात तेव्हा मुलांना भांडणाचे मूळ कारणही धड सांगता येत नाही. बापाचा शब्द एवढेच त्यांना माहीत असते, आणि बापाचा शब्द खाली पडू देणे हा तर बांध सोडण्याहूनही मोठा कमीपणा.

इथे जमिनीच्या टंचाईची बाजू मांडली नाही तर अन्याय होईल. कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते आणि २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. दहा एकरांत एक फूट इकडे-तिकडे झाले तर डोळेझाक करता येते. तीन भावांत वाटले गेलेल्या सव्वातीन एकरांत, जिथे मधला भाऊ दोन्हीकडून बांधांनी आवळलेला आहे, तिथे ती डोळेझाक महाग पडते. शहरालगतच्या जमिनींत तर गुंठ्याचा भाव पिकाच्या हिशेबात बसतच नाही. शिवाय सगळी भांडणे फुटाची नसतात. वहिवाटीचा रस्ता अडवला गेला तर तोडणीला आलेला ऊस शेतातच उभा राहतो आणि विहिरीवरची पाळी नाकारली तर उभे पीक वाळते. रस्ता अडवलेल्या शेतकऱ्याने मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे धाव घेतली तर त्याला हट्टी म्हणता येणार नाही. अडचण अशी की खऱ्या गरजेचे आणि निव्वळ जिरवण्याचे भांडण एकाच कचेरीत, एकाच ढिगाऱ्यात, एकाच संथपणे पडून राहते, आणि त्या संथपणाचा फायदा नेमका दुसऱ्या प्रकारच्या माणसाला मिळतो.

हा फायदा कसा मिळतो ते नीट पाहिले पाहिजे, कारण लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे. जमीन ज्याच्या ताब्यात असते त्याला निकालाची घाई नसते. तारीख पुढे गेली की त्याचे आणखी एक पीक निघते. कोर्टाने ‘परिस्थिती जैसे थे’ ठेवण्याचा हुकूम दिला, तर जैसे थे म्हणजे बहुधा त्याचाच ताबा. मुदतीच्या कायद्याप्रमाणे बारा वर्षे उघड व विरोधी ताबा सिद्ध झाला तर मूळ मालकाचा हक्कच संपू शकतो, त्यामुळे अडून बसण्याला एक कायदेशीर बक्षीसही टांगलेले आहे. दुसऱ्या बाजूला, अडून बसण्याचा दंड किती? खोटा किंवा केवळ त्रास देण्यासाठी केलेला दावा अथवा बचाव आढळला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ प्रमाणे भरपाई देववता येते, पण त्या भरपाईची कमाल मर्यादा ३,००० रुपये आहे. वीस वर्षे एखाद्याला रखडवण्याची किंमत कायद्याच्या पुस्तकात एका बऱ्या मोबाइलहूनही कमी असेल, तर समोरच्याने समजूतदार का व्हावे?

त्यातून महाराष्ट्रातल्या शेतजमिनीच्या वादाला दोन समांतर वाटा आहेत. फेरफार नोंदीची हरकत मंडळ अधिकाऱ्यापुढे सुरू होते, तिथून अपिलात प्रांताकडे, मग जिल्हाधिकाऱ्याकडे, पुढे आयुक्तांकडे आणि कधी कधी थेट मंत्रालयापर्यंत जाते. या प्रवासात दहा-पंधरा वर्षे गेल्यावर पक्षकाराला सांगितले जाते की महसुली नोंद ही सारा वसुलीसाठी असते, तिच्याने मालकी ठरत नाही, मालकीसाठी दिवाणी न्यायालयात जा. मग तिथे पहिल्यापासून सुरुवात. एका वाटेवर हरलेला माणूस दुसऱ्या वाटेवर ताज्या दमाने उभा राहू शकतो, आणि दोन्हींच्या मधल्या काळात पोलीस ठाण्याची तिसरी वाट असतेच. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, तिला उत्तर म्हणून समोरच्याची नोंद, मग दोघांवर मिळून शांतता राखण्याची हमी घेणारी चॅप्टर केस. ‘एकशे सात’ हा तिच्या जुन्या कलमाचा आकडा संहिता बदलली तरी गावातल्या तोंडातून गेलेला नाही. ‘दक्ष’ या संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशातील दिवाणी पक्षकारांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोक जमीन वा मालमत्तेच्या वादात अडकलेले आढळले होते. न्यायालये तुंबली आहेत अशी ओरड आपण करतो. ती कशाने तुंबली आहेत याचे एक मोठे उत्तर या बांधांवर पडलेले आहे, आणि तुंबलेले न्यायालय पुन्हा हेकेखोर माणसालाच सोयीचे असते.

परिणामांची यादी करायची म्हटली तर डोकी फुटण्यापासून सुरू करता येईल, पण ते परिणाम सर्वांना दिसतात. न दिसणारे अधिक आहेत. वादातली जमीन कोणी सपाट करत नाही, तिच्यावर कोणी पाइपलाइन टाकत नाही, सामाईक विहिरीचा गाळ कोणी काढत नाही, कारण काढणाऱ्याने खर्च करायचा आणि पाणी दोघांनी घ्यायचे हे दोघांपैकी कोणालाही मान्य नसते. उताऱ्यावर वादाची नोंद असेल तर बँक कर्जाला खळखळ करते. खातेफोड झाली नाही म्हणून अनुदानाचे अर्ज अडकतात. भांडणाचा निर्णय घरातला कर्ता पुरुष घेतो आणि त्याचा बोजा बायका-मुलांवर पडतो. दोन जावांनी एकमेकींशी बोलायचे की नाही, मुलांनी चुलत भावंडांबरोबर शाळेत जायचे की नाही, हे कोणी ठरवले याची नोंद कुठल्याही दप्तरात होत नाही. लग्न ठरवताना मात्र ती होते. ‘त्या घरात कोर्टकचेरी आहे’ एवढे एक वाक्य सोयरीक मोडायला पुरते.

या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे नाही. माघार न घेणाऱ्या माणसांनीच जग बदलले, सगळेच समजूतदार झाले असते तर कोणताही अन्याय दूर झाला नसता, असा तो आक्षेप. महाराष्ट्रात याचे सर्वांत मोठे उदाहरण पाण्याचे आहे, आणि योगायोग असा की तेही अखेर एका दिवाणी दाव्याचे उदाहरण आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्णांनी तळे खाजगी असल्याचा दावा दाखल करून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. हा दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. महाडच्या न्यायालयात, मग अपिलात, आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात वादी हरले.

दहा वर्षे कोण अडून बसले होते? दोन्ही बाजू, असे वरवर उत्तर येईल. पण डिसेंबर १९२७ मध्ये काय घडले ते आठवले तर दोन बाजूंच्या अडून बसण्यातला फरक लख्ख दिसतो. परिषदेसाठी हजारो माणसे महाडला जमली होती, पुन्हा पाणी पिण्याचा निर्धार करून आली होती, आणि त्याच वेळी हातात मनाईहुकूम पडला. तो मोडण्याची मागणी अनेकांनी केली. आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला आणि तो मानला गेला. सरकारशी आपले भांडण नाही आणि न्यायालयात आपली बाजू सिद्ध करता येईल, असा तो विचार होता. पत राखण्याच्या दृष्टीने पाहिले तर ही उघड माघार होती, आणि टवाळी करणाऱ्यांनी तशी टवाळी केलीही असेल. हेकेखोर माणसाला नेमके हेच करता येत नाही. आपल्याला काय मिळवायचे आहे हे ज्याला स्पष्ट असते तो वाट बदलू शकतो, थांबू शकतो, चार पावले मागे येऊ शकतो. वादींचे मात्र प्रत्येक पाऊल दुसऱ्याने पाणी पिऊ नये एवढ्यासाठीच होते. तो पाणी प्यायल्याने त्यांच्या घागरीतले पाणी एक ओंजळही कमी होणार नव्हते. बांधावरच्या भांडणाला हीच कसोटी लावता येते. समोरच्याचे नुकसान थांबले तर तुला चालेल का, की ते व्हायलाच हवे? या प्रश्नाचे उत्तर पक्षकाराला स्वतःशी देता आले तरी पुष्कळ दावे पहिल्याच वर्षी निकाली निघतील.

याच कसोटीवर आणखी एक गोष्ट तपासली पाहिजे, ती म्हणजे आपण हट्टी कोणाला म्हणतो. बांधासाठी पंचवीस वर्षे लढणाऱ्या भावाला गाव ‘खमक्या’ म्हणते. वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागणारी बहीण पहिल्याच नोटिशीला ‘हट्टाला पेटली’ असे ठरते. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद हक्क, म्हणजे मुलाच्या बरोबरीचा हिस्सा, देणारी हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती, जरी तिच्या अंमलाआधी लग्न झालेल्या मुली तीतून वगळलेल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. कायदा इतका स्वच्छ असताना प्रत्यक्षात काय होते? दिवाळीला बहिणीला साडीचोळी केली जाते आणि त्याच दौऱ्यात हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. तिने सही करायला नकार दिला तर माहेर तुटते. माहेर तुटण्याची ही धमकी देणारे, ती अमलात आणणारे आणि त्यासाठी आईलाही मध्ये घालणारे भाऊ आपल्या लेखी हट्टी नसतात. कायद्याने आपले असलेले मागणारी बाई मात्र असते. बोलण्याची ही रीत जोवर आहे तोवर ‘समजूतदारपणा दाखवा’ हा उपदेश ऐकताना तो कोणाला केला जात आहे हे आधी पाहावे. पुष्कळदा तो दुबळ्या बाजूलाच केलेला असतो, कारण तिच्याकडून तडजोड वसूल करणे सोपे असते.

तडजोडीच्या सरकारी प्रयत्नांचा इतिहास आपल्याकडे अगदीच कोरडा नाही. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. दिवाणी, महसुली आणि फौजदारी अशा तिन्ही प्रकारचे तंटे गावातच मिटवायचे आणि गावाला लोकसंख्येच्या प्रमाणात पुरस्कार द्यायचा, अशी तिची रचना होती. पहिल्या काही वर्षांत तिचा गाजावाजा खूप झाला आणि काही गावांत खरोखर काम झाले. पुढे तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षपदावरूनच तंटे झाल्याच्या बातम्या वाचकांनी वाचल्या असतील. माझ्या मते मोहिमेचे दुखणे पुरस्कारात होते. गावाला बक्षीस मिळवायचे असेल तर तंट्याचा आकडा कमी व्हायला हवा, आणि आकडा कमी करण्याचा जवळचा मार्ग म्हणजे ज्याच्यावर दडपण आणता येईल त्याला गप्प करणे. लोकअदालतीचे दुखणे वेगळे आहे. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, कोर्ट फीही परत मिळते, पण तिथे झटपट मिटतात ती अपघाताच्या भरपाईची आणि बँकांच्या वसुलीची प्रकरणे, जिथे शेवटी एका आकड्यावर यायचे असते. बांधाच्या वादात आकडा नसतो. तिथे दोन माणसांना शेजारी-शेजारी पुढची तीस वर्षे नांगर धरायचा असतो.

या दृष्टीने २०२३ च्या जानेवारीत शासनाने आणलेली सलोखा योजना मला अधिक शहाणपणाची वाटते. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान बारा वर्षे असेल, तर नाममात्र १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी भरून दोघांनी अदलाबदलीचा दस्त करावा, अशी ती सवलत आहे. जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडणाऱ्या एकत्रीकरण योजनेच्या काळात कागदावर एक गट आणि प्रत्यक्षात दुसरीच वहिवाट, असे गोंधळ ठिकठिकाणी होऊन बसले आहेत. त्यांच्यासाठी ही योजना उपयोगी आहे. तिचा खरा गुण सवलतीच्या रकमेत नाही. शासनानेच योजना आणली, मुदत होती म्हणून करून टाकले, असे पारावर सांगता येते. माघार घेणाऱ्याला तोंड लपवावे लागत नाही. मर्यादा अर्थातच आहे : दोघांची संमती लागते, आणि ज्याला संमती द्यायचीच नाही त्याच्यापर्यंत ही योजना पोहोचत नाही.

त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर दोन गोष्टी कराव्या लागतील. पहिली, हद्दीच्या दाव्यात कोर्ट कमिशनरमार्फत मोजणी ही पुरावा संपत आल्यावर करण्याऐवजी दावा दाखल होताच, दोन्ही पक्षांना समोर ठेवून व्हावी. आज ती मागणारा अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतो आणि मग ‘तुम्ही पुरावा गोळा करण्यासाठी कोर्टाला वापरता’ या कारणावरून तो फेटाळलाही जातो. मोजणीतला फरक टिपणाच्या अचूकतेच्या आत बसत असेल, तर तसे स्पष्ट लिहावे आणि मधली रेषा धरून शासकीय खर्चाने हद्दीचे दगड बसवावेत. कोणी जिंकला नाही, कोणी हरला नाही आणि दगड सरकारचा आहे, हे पुष्कळ लोकांना पुरेल. दुसरी गोष्ट, मोजणीनंतरही जो लढेल आणि हरेल त्याच्याकडून समोरच्याचा प्रत्यक्ष खर्च वसूल व्हावा आणि ती ३,००० रुपयांची मर्यादा जावी. यावर गरीब पक्षकार घाबरून न्यायालयात येणारच नाही, असे म्हटले जाईल. आक्षेप खरा आहे, म्हणून हा बोजा पहिल्या मोजणीच्या आधी कोणावरही पडू नये, आणि मोफत विधी साहाय्यास पात्र असलेल्यांना त्यातून वगळावे. पण आज खर्चाची जी रचना आहे ती गरिबाच्या बाजूची आहे असे समजणे भाबडेपणाचे होईल. रखडवण्याची ऐपत ज्याला असते तोच रखडवतो.

उरतो तो घरातला हेका, ज्याच्यापासून हे सगळे सुरू होते आणि ज्याच्याबद्दल आपण आदरापोटी बोलत नाही. ‘मी आहे तोवर वाटणी नाही’ असे म्हणणारे वडील किंवा आजोबा बहुतेक शेतकरी घरांत सापडतात. ते हयात असताना भाऊ आपापल्या सोयीने जमीन कसतात, तोंडी हिस्से पडतात, बांध अंदाजाने घातले जातात, बहिणींचा विषय निघत नाही. ते गेले की त्या अंदाजाच्या बांधावर कोर्टकचेरी उभी राहते. म्हाताऱ्या माणसाच्या या अडून बसण्यामागे सत्तेचा मोह असतो असे मला वाटत नाही. त्यामागे बहुधा भीती असते. जमीन नावावरून गेली की मुले विचारणार नाहीत, ही ती भीती, आणि आजूबाजूला पाहिले तर ती निराधार म्हणता येत नाही. पण तिला उपाय आहेत. महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे सर्वांच्या संमतीने वाटप करताना आई-वडिलांचा स्वतंत्र हिस्सा ठेवता येतो. वडिलांनी स्वतःच्या मालकीची जमीन मुलाला बक्षीसपत्राने दिली आणि आपला सांभाळ करण्याची अट त्या दस्तात लिहिली, तर ती पाळली गेली नाही म्हणून २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. ही अट तोंडी ठेवू नये, ती दस्तात लिहिलेली बरी. तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी जाण्याची वेळ येण्याआधी, सगळी भावंडे, बहिणींसह, समोर बसवून आणि मोजणी करून घेऊन हे कागद झाले, तर पुढच्या पिढीच्या बांधावर भांडायला निदान अंदाजाची रेषा तरी उरणार नाही.